संत्रा, लिंबू आणि डबाबंद माशाचे हलके पास्ता सॅलड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यातल्या आमच्या गावात संत्रा विकत आणण्याची वेळ क्वचितच येते. बाग स्वतःची नसली तरी शेजाऱ्याची असते, आणि तोड सुरू झाली की टोपलीभर फळ घरी येऊन पडते. डबाबंद मासा आणि पास्ता हे मात्र बाहेरून आलेले पाहुणे आहेत. या तिघांचे थंड सॅलड मी गेली काही वर्षे करीत आले आहे, आणि ज्यांना ते खाऊ घातले त्या नातेवाइकांनी व शेजारणींनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

हा पदार्थ नेमका कसा असतो, आणि त्याला हलका का म्हणायचे?

उकडून थंड केलेला पास्ता, टिनमधून काढलेल्या माशाचे तुकडे, संत्र्याच्या सोललेल्या फोडी, काकडी, कांदा आणि सांबार (पुण्या-मुंबईकडील वाचकांसाठी : कोथिंबीर) हे सर्व लिंबाचा रस व थोडे तेल यांत कालवले की हे सॅलड तयार होते. यात मेयोनेज नाही, साय नाही, चीज नाही. चार माणसांत मिळून तीन मोठे चमचे तेल, एवढाच वरून घातलेला स्निग्धांश असतो, म्हणून ते हलके. पोटभरीचे मात्र ते आहेच, कारण पास्ता म्हणजे शेवटी गहू आणि मासा म्हणजे प्रथिने.

चार माणसांसाठी प्रमाण काय घ्यावे?

कोरडा पास्ता २५० ग्रॅम, पाणी व तेल निथळल्यावर सुमारे २५० ग्रॅम भरेल इतका डबाबंद मासा (बहुधा दोन टिन), मध्यम आकाराचे तीन संत्रे, दोन रसदार कागदी लिंबे, तीन मोठे चमचे तेल, एक कांदा, एक काकडी, एक हिरवी मिरची, मूठभर सांबार, ताजी कुटलेली मिरी आणि मीठ. हे एकवेळचे जेवण म्हणून वाढायचे असेल, तर शेतातून दमून आलेल्या माणसांच्या भुकेला ते तिघांनाच पुरते, हे अनुभवाने सांगते.

कृतीचा क्रम महत्त्वाचा आहे का?

फार महत्त्वाचा आहे. पहिल्यांदा केले तेव्हा मी सर्व जिन्नस एकाच परातीत ओतून भेळेसारखे कालवले, आणि माशाचा अक्षरशः चिवडा होऊन पास्त्याला राखाडी लगदा चिकटला. चवीला ते वाईट नव्हते, पण पंगतीत वाढावे असेही नव्हते.

आता मी असे करते. मोठ्या गंजात (पातेल्यात) अडीच लिटर पाणी उकळून त्यात चार लहान चमचे मीठ घालते आणि पास्ता शिजवते. पाकिटावर ९ मिनिटे लिहिली असतील तर १० मिनिटे ठेवते, कारण गरम असताना जो पास्ता दाताला किंचित कडक लागून बरा वाटतो, तोच थंड झाल्यावर त्यातील स्टार्च आवळल्यामुळे चिवट लागतो. शिजलेला पास्ता चाळणीत ओतून त्यावर गार पाणी सोडावे. गरम रस्सा घालायचा असता तर पास्ता धुणे चूक ठरली असती. सॅलडमध्ये मात्र वरचा चिकट स्टार्च निघून गेलेलाच बरा. पाणी नीट निथळले पाहिजे, नाहीतर लिंबाचा रस पातळ होऊन चव उतरते.

पास्ता शिजेपर्यंत कांदा पातळ चिरून एका लिंबाच्या रसात चिमूटभर मीठ घालून दहा मिनिटे भिजत ठेवावा. त्याचा उग्रपणा जातो आणि रंगही गुलाबी होतो. दुसऱ्या लिंबाचा रस, तेल, बारीक चिरलेली मिरची, मिरी आणि किसलेली संत्र्याची साल झाकणाच्या बरणीत घालून ती जोराने हलवावी. पास्ता अजून किंचित कोमट असतानाच हे मिश्रण त्याला लावावे, म्हणजे ते आत मुरते. त्यानंतर कांदा आणि काकडी, मग संत्र्याच्या फोडी, आणि अगदी शेवटी मासा व सांबार. मासा घातल्यावर चमचा फिरवू नये; दोन्ही हातांनी खालून वर दोनदा उचलले की पुरे.

संत्रा असताना लिंबू कशाला?

हा प्रश्न बागाईतदारांकडूनच अधिक येतो, आणि त्यात थोडासा अभिमानही असतो. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि त्याच्या स्वादाबद्दल कोणाचे दुमत नाही, पण पिकलेला संत्रा गोड असतो. फक्त संत्र्याच्या रसावर केलेले सॅलड गुळमट लागते आणि मासा अधिकच मासळ वाटतो. माशाचा जो विशिष्ट वास असतो तो बराचसा अमाइन या वर्गातील आम्लारिधर्मी पदार्थांचा असतो, आणि आंबट रस पडला की त्यांचे क्षार बनून ते हवेत कमी उडतात. तळलेल्या माशाशेजारी लिंबाची फोड ठेवण्याची आपली पद्धत त्याच कारणाने चालत आली असावी. हे काम करण्याइतका आंबटपणा गोड संत्र्यात नसतो.

म्हणून माझ्या मते या पदार्थात तीन कामे वेगळी वाटून दिली पाहिजेत : आंबटपणा लिंबाने द्यायचा, सुवास संत्र्याच्या सालीने द्यायचा, आणि रसाळपणा संत्र्याच्या फोडीने. साल विसरली तर पाहुण्यांना संत्रा दिसतो, पण जाणवत नाही. सालीच्या नारिंगी भागातील तेलाच्या बारीक पिशव्यांतच खरा सुगंध असतो. संत्र्याची साल सैल असल्यामुळे सोलल्यावर ती किसता येत नाही. फळ अखंड असतानाच किसणीच्या बारीक बाजूवर हलक्या हाताने फिरवावे आणि पांढरे दिसू लागताच थांबावे. एका फळाची साल चार माणसांना पुरते. बागेतील फळावर फवारणी झालेली असू शकते आणि बाजारातील फळाला चमक आणण्यासाठी मेणाचा थर दिलेला असू शकतो, तेव्हा फळ कोमट पाण्यात चोळून धुतल्याशिवाय किसू नये.

आंबिया बहाराचा संत्रा चांगला की मृग बहाराचा?

आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या फुलोऱ्याची) फळे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतात आणि त्यांत थोडी आंबट झाक असते. मृगाची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची) फळे त्यानंतर येतात आणि अधिक गोड असतात. या सॅलडसाठी मला आंबियाच आवडतो. मृगाचा संत्रा वापरायचा असेल तर अर्धे लिंबू वाढवावे. व्यापारी ज्या बारीक फळाला चुरी म्हणून बाजूला काढतो आणि ज्याच्या भावाची गोष्ट काढली की आमच्याकडे जेवणाची चव जाते, ती चुरीसुद्धा येथे उत्तम चालते. फोडी लहान निघतात, इतकेच.

उन्हाळ्यात संत्रा नसतो. तेव्हा मोसंबीच्या फोडी घ्याव्यात, किंवा सरळ कैरीचा कीस घालावा. कैरी घातली तर लिंबू निम्मे करावे, आणि एप्रिल-मे महिन्यांतील लिंबाचे भाव पाहता ते खिशालाही बरे.

माझे सॅलड कडू झाले. कशामुळे?

बहुतेक वेळा कारण तीनांपैकी एक असते : साल किसताना पांढरा भाग आला, बिया चिरडल्या गेल्या, किंवा रस आधी काढून ठेवला. संत्र्याच्या बिया आणि पडद्यांमध्ये असे घटक असतात की ज्यांपासून रस काढल्यानंतर हळूहळू लिमोनिन हे कडू द्रव्य तयार होते आणि सकाळी गोड असलेला रस संध्याकाळी कडवट लागतो. म्हणून संत्रा मिक्सरमध्ये फिरवू नये. फोडीचा पडदा पाठीच्या बाजूने नखाने उकलून, बी काढून, आतील गर अखंड सोडवावा. काम वेळखाऊ आहे. ते मी शाळेतून आलेल्या मुलांकडे सोपवते आणि चारपैकी एक फोड त्यांच्या पोटात जाणार असे धरूनच संत्रे घेते.

कोणता डबाबंद मासा घ्यावा?

टुना, म्हणजे कोकणात ज्याला कुपा म्हणतात तो मासा, या सॅलडला सर्वांत सोयीचा आहे, कारण त्याचे घट्ट, बिनकाट्याचे तुकडे निघतात. तो पाण्यात, मिठाच्या पाण्यात किंवा तेलात घातलेला मिळतो. पाण्यातील टुना हलका असतो पण कोरडा लागतो. तेलातील घेतला तर टिनमधील तेल निथळून त्यातील एक-दोन चमचे बरणीच्या मिश्रणात वापरावे आणि वरचे तेल तेवढे कमी करावे. सार्डिन म्हणजे तारली अधिक तेलकट आणि वासाला उग्र असते, पण तिचे काटे टिनमध्ये मऊ झालेले असतात व ते खाल्ल्याने कॅल्शियम मिळते. तिच्यासाठी लिंबू थोडे जास्त लागते. टोमॅटोच्या रश्शातील टिन मात्र या कामाला घेऊ नये. तो पोळीशी खावा.

तालुक्याच्या बाजारात हे टिन सहसा दिसत नाहीत. अमरावती किंवा नागपूरला कामानिमित्त जाणाऱ्याकडून मोठ्या दुकानातून मागवावे किंवा ऑनलाइन घ्यावे. घेताना निव्वळ वजनाबरोबर निथळलेले वजनही वाचावे, कारण आपण पैसे माशाचे देतो, पाण्याचे नाही.

टिन चांगला आहे हे कसे ओळखावे?

फुगलेला, गळणारा, कडेच्या शिवणीवर चेपलेला किंवा खोल गंज चढलेला टिन वापरू नये. उघडताना आतून फवारा आला किंवा वास वावगा वाटला तर चाखूनही पाहू नये. बोट्युलिझमचे (हवाबंद अन्नात वाढणाऱ्या जंतूंमुळे होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचे) विष चवीला किंवा वासाला कळेलच असे नसते. तो टिन कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागणार नाही असा पुरून टाकावा. न उघडलेला टिन फ्रिजमध्ये ठेवण्याची गरज नाही, पण आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि टिनाच्या छपराखालची फळी तर त्याहून तापते. तेव्हा मातीच्या भिंतीच्या, थंडाव्याच्या खोलीत खालच्या फळीवर ठेवावा.

टिनमधील मासा शिजवावा लागतो का? तोच प्रकार घरी करता येईल का?

शिजवावा लागत नाही. मासा टिनमध्ये भरून, हवाबंद करून, दाबाखाली साधारण ११५ ते १२१ अंश सेल्सिअस तापमानाला ठरावीक वेळ तापवलेला असतो. तो आतल्या आत शिजतो आणि निर्जंतुकही होतो. निकोला अपेर या फ्रेंच माणसाने अन्न हवाबंद करून उकळण्याची पद्धत १८१० मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा अन्न जंतूंमुळे नासते हे त्यालाही ठाऊक नव्हते.

घरी मात्र हा प्रयोग करू नये. लोणच्याच्या बरणीचा आपला दांडगा अनुभव येथे कामाचा नाही, कारण लोणचे मीठ, तेल आणि आंबटपणावर टिकते. मासा आंबट नसतो, आणि बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू साध्या उकळीला दाद देत नाहीत.

आमच्याकडे तळ्यातला ताजा मासा मिळतो. तो चालेल का?

चालेल, आणि भंडारा-गोंदियाकडील मालगुजारी तलावांच्या परिसरात राहणाऱ्यांनी टिनच्या मागे लागण्याचे कारणच नाही. रोहू किंवा कतला घ्यावा, हळद-मिठाच्या पाण्यात पूर्ण शिजवावा, थंड होऊ द्यावा आणि बोटांनी चाचपून काटे काढावेत. या माशांत मांसाच्या आत दुफाट्याचे बारीक काटे असतात, ते चमच्याला कळत नाहीत, बोटांनाच कळतात. मरळ मिळाला तर काट्यांचा त्रास कमी. लिंबाच्या रसात मुरवला म्हणजे मासा शिजला, असे समजू नये. रंग पांढरा होतो, पण जंतू आणि परजीवी त्याने खात्रीने मरत नाहीत.

पास्ता कोणता घ्यावा? मकरोनी, शेवया किंवा सरगुंडे वापरता येतील का?

ड्युरम गव्हाच्या रव्याचा पास्ता घ्यावा. ड्युरम आपल्याला परका नाही : बन्सी हा जुना गहू त्याच जातीचा. त्याचा दाणा कडक असल्यामुळे पास्ता शिजूनही आकार धरून राहतो. सुटी मिळणारी स्वस्त मकरोनी पुष्कळदा मैद्याची असते आणि थंड झाल्यावर तिचा गोळा होतो. तीच वापरायची असेल तर एक मिनिट आधी उतरवावी. आकार मात्र नळीचा किंवा पिळाचा असावा, म्हणजे रस आत अडकून राहतो.

हातशेवया या कालवण्यात तुटतात. सरगुंड्यांबद्दल माझ्या आईने मला स्वतः विचारले होते : काडीवर गुंडाळून पोकळ नळी करायची, वाफवायची, मग हे आपलेच पास्ता नाही का? आहेच. मी एकदा करूनही पाहिले. ताजे वाफवलेले सरगुंडे आंबट रसात दहा मिनिटांत बसतात, पण वाळवलेले घेऊन उकडले तर बऱ्यापैकी टिकतात. तरीही सरगुंड्यांचे लग्न आमरसाशीच लागलेले आहे, आणि ते मोडावे असे मला वाटले नाही.

ऑलिव्ह तेल आणावेच लागते का?

नाही. कच्चे खाण्याजोगे, स्वच्छ वासाचे कोणतेही तेल चालते. घाण्याचे शेंगदाणा तेल चांगले लागते. ज्यांच्या घरी अजून जवसाचे तेल येते त्यांनी तीन चमच्यांपैकी एक चमचा जवसाचा घ्यावा. पूर्ण जवसाचे घेतले तर त्याचा कडसर वास संत्र्यावर कुरघोडी करतो. हे तेल लवकर खवट होते, म्हणून आधी हुंगून पाहावे. मोहरीचे तेल येथे नको.

दही घातले तर?

मासा आणि दुधाचे पदार्थ एकत्र खाऊ नयेत असे आपल्याकडील अनेक घरांत मानतात. या कृतीत त्यांची गरजच पडत नाही, त्यामुळे तो वाद स्वयंपाकघरात आणू नये.

हे सॅलड वावरात डब्यात नेता येईल का? किती वेळ टिकते?

कापूस वेचणीच्या दिवसांत आणि आंबियाच्या तोडीच्या वेळी हा प्रश्न हमखास येतो. लिंबू आहे म्हणून अन्न टिकेल, या भरवशावर राहू नये; एवढ्या आंबटपणाने पास्ता आणि मासा सुरक्षित राहत नाहीत. कालवलेले सॅलड बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासात संपवावे. फ्रिजमध्ये ते दुसऱ्या दिवसापर्यंत खाता येते, पण भारनियमनात फ्रिज चार-पाच तास बंद राहिला असेल तर मोह धरू नये.

वावरात न्यायचेच असेल तर मी वेगळी युक्ती करते. तेल-लिंबू लावलेला पास्ता रात्रभर फ्रिजमध्ये गार करून, डबा ओल्या फडक्यात गुंडाळून नेते; संत्रे अखंड नेते; आणि कडीने उघडणारा माशाचा टिन बंदच नेते. धुऱ्यावर (बांधावर) बसल्यावर टिन उघडायचा, संत्रा सोलायचा आणि तिथेच कालवायचे. अर्थात घरून निघाल्यापासून जेवायला बसेपर्यंत दोन तासांच्या आतच, म्हणजे हा न्याहारीचा डबा झाला. दुपारच्या जेवणाला पोळी-भाजी आणि ठेचाच न्यावा.

एक दिवस राहिलेल्या सॅलडमध्ये तळाशी पाणी सुटते आणि सांबार काळपट हिरवी होते. मीठ फोडींतील रस ओढते आणि आंबटपणा हिरवा रंग उतरवतो. ते खराब झाल्याचे लक्षण नव्हे. गार पदार्थात चव मंद लागत असल्यामुळे वाढताना पुन्हा थोडे लिंबू आणि मिरी घालावी.

घरात काही जण मासे खात नाहीत. तेव्हा काय करावे?

बरणीतील मिश्रण, पास्ता, संत्रा, काकडी हे सर्व आधी एकत्र करून त्यांचा वाटा वेगळा काढावा आणि त्यात उकडलेला हरभरा घालावा. श्रावणात आम्ही सगळेच हरभऱ्याचे खातो. आमच्या सासूबाई मासळी आतल्या चुलीवर चढू देत नाहीत, ती अंगणातल्या चुलीवरच होते. पण टिनचा मासा शिजवायचा नसल्यामुळे नियम नेमका कोणता लावावा यावर बराच खल झाला. शेवटी त्यांनी निर्णय दिला की टिन ओसरीवर उघडावा आणि परात वेगळी ठेवावी. तेव्हापासून तसेच चालते.

गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि आजारी माणसांनी हे खावे का?

मोठ्या सागरी माशांत पारा साठतो आणि टुनामध्ये तो तारलीपेक्षा अधिक असतो. म्हणून गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आणि लहान मुलांनी टुना वरचेवर खाऊ नये, तारली पसंत करावी आणि डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे. ज्यांचे युरिक ॲसिड वाढते त्यांच्यासाठी याच्या उलट तारली अडचणीची, कारण तिच्यात प्युरिन (ज्यापासून शरीरात युरिक ॲसिड बनते) भरपूर असते. रक्तदाबाच्या रुग्णांनी टिनमधील मिठाचे पाणी पूर्ण फेकून मासा एकदा पाण्याखाली धरावा. काही जणांना माशाची ॲलर्जी असते. पंगतीत वाढण्याआधी विचारलेले बरे.

अर्धा टिन उरला तर?

उघड्या टिनमध्ये ठेवू नये. काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात काढून, झाकून, फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. कांदा-मिरची घालून परतलेला हा मासा ज्वारीच्या भाकरीशी फार छान लागतो.

हाताचा वास आणि रिकामा टिन यांचे काय करावे?

पिळलेल्या लिंबाची साल आणि चिमूटभर मीठ हातांवर चोळून गार पाण्याने धुतले की वास जातो. टिनची कड पात्यासारखी धारदार असते. उकिरड्यावर तसाच फेकला तर वासाने कुत्रे त्यात तोंड घालते, आणि चरायला आलेल्या गुरांच्या खुराला तो लागतो. टिन राखेने घासून धुवावा, झाकण आत दाबावे, पायाखाली चपटा करावा आणि भंगारवाला येईपर्यंत मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी पोत्यात ठेवावा.